गोवर्धन उचलला तेव्हा मी मंडप सोडला

आमच्या घरात वाऱ्याला शिवी द्यायला बंदी आहे. टेम्पोला द्या, कुजक्या सुतळीला द्या, जुन्नरच्या पेठेत दुकानाच्या तोंडाशी मोटारसायकल लावून गायब होणाऱ्याला तर पोटभर द्या. वाऱ्याला मात्र नाही. हा नियम माझ्या सासऱ्यांचा. लग्न होऊन आले त्या पहिल्याच उन्हाळ्यात वाळत घातलेली मंडपाची कनात वाऱ्यानं उचलून थेट गटारात टाकली आणि माझ्या तोंडून जे निघायचं ते निघालं. माझं तोंड माहेरापासूनच प्रसिद्ध आहे. सासरे ओट्यावर बसले होते. म्हणाले, "बेटा, वारा हुकमाचा ताबेदार. त्याला शिवी देणं म्हंजी पोस्टमनला शिवी देणं. चिठ्ठी ज्यानं धाडली त्याच्याशी बोल."

मी मनात म्हटलं, ज्यानं धाडली त्यानं पत्ता तरी नीट लिहावा. पण नव्या सुनेनं मनातलं मनातच ठेवायचं असतं, म्हणून गटारातली कनात मुकाट धुवायला घेतली.

आमचा धंदा मंडपाचा. लग्न असो, उरूस असो, सप्ताह असो की कुणाचा दहावा, जुन्नरपासून आंबेगावातल्या गावांपर्यंत लोकांच्या डोक्यावर आमचंच छत असतं. सासऱ्यांनी हा धंदा एका हातगाडीवर सुरू केला, आणि त्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे. गिऱ्हाईक आलं की चहा येण्याआधी ते वाक्य येतं: "उभ्या आयुष्यात आपला मंडप कधी पडला न्हाई." हे ते इतक्या वेळा म्हणतात की आमच्या पोपटालासुद्धा पाठ व्हायला हवं होतं, पण पोपट शहाणा निघाला.

मंडप का पडत नाही, तेही ते सांगतात. छताचं कापड खांबांच्या डोक्यावर, आडव्या वाशांवरून ताणलेलं असतं. त्याची दोरी खांबाच्या माथ्यावरून खाली येते आणि माणसाच्या छातीइतक्या उंचीवर बांधलेली असते. तिथं निरगाठ मारायची नाही, सुरगाठ मारायची. एक टोक ओढलं की मोकळी, म्हणजे वादळात छत झटकन सोडता येतं आणि खांब उभे राहतात. "बांधायला कुणालाबी येतं," सासरे म्हणतात, "सोडायला आलं पायजे." आणि मग त्यांना यूनुस नबींची गोष्ट आठवते. नबी देवाचं काम टाळून जहाजात बसून निघाले, देवानं मागून वादळ पाठवलं, जहाज बुडायला आलं. खलाशांनी सामान समुद्रात फेकलं, शेवटी नबींनाही टाकावं लागलं, त्यांना मासा गिळून बसला आणि माशाच्या पोटातल्या काळोखात त्यांनी देवाला हाक मारली. ती हाक ऐकू गेली. सासऱ्यांच्या तोंडी या गोष्टीत एक भर असते: खलाशांनी सगळ्यात आधी शीड उतरवलं. ही भर त्यांची स्वतःचीच असावी, कारण मौलवीसाहेबांकडून मी ती कधी ऐकलेली नाही. मंडपवाल्याला समुद्रातसुद्धा कापडच दिसायचं.

तर, तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. चैत्र सरत आला होता. निरगुडसरच्या एका लग्नाचा मंडप उतरवून झाल्यावर माझा नवरा पडला आणि त्याचा पाय मोडला. खांबावरून पडला असता तर निदान चारचौघांत सांगायला बरं होतं. हा चहाचा ग्लास हातात घेऊन टेम्पोच्या पायरीवरून उतरताना घसरला. ग्लास वाचला, पाय गेला. पायाला प्लास्टर, आणि समोर आणे गावच्या सप्ताहाचं काम घेतलेलं.

आण्याचं पठार तुम्ही पाहिलं नसेल तर एवढंच सांगते, की तिथे वाऱ्याला अडवायला कुणी नाही. जुन्नरसारखे चहूबाजूंना डोंगर नाहीत. वारा यायचा म्हणाला की सरळ येतो. तिथला सप्ताहाचा मंडप आजवर सासऱ्यांनी बांधला, मग नवऱ्यानं. आता सासऱ्यांचे गुडघे चालत नव्हते आणि नवऱ्याचा पाय. मी म्हटलं, मी जाते. नवरा हसला. त्याच्या हसण्यानंच माझं जाणं पक्कं झालं.

गावात उतरले तर सप्ताह कमिटीचे अध्यक्ष टेम्पोत वाकून वाकून बघायला लागले. पांढरी टोपी, मोठी मिशी, स्वभाव गरीब पण शंका फार.

"भाभी, मालक कुठं हायेत?"

"मालक पलंगावर."

"मग मंडप कोण बांधणार?"

"मी आणि हे चार गडी. तुम्ही फक्त जागा दाखवा."

"न्हाई, बांधा की," ते म्हणाले, "पन हितला वारा लई वंगाळ. पडला बिडला तर गावात त्वांड दाखवायला जागा ऱ्हायाची न्हाई."

"आमचा मंडप कधी पडला नाही," मी म्हटलं. सासऱ्यांचं वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं, आणि ते केवढं जड आहे हे निघाल्यावर कळलं.

मंडप झकास झाला, खोटं कशाला बोलू. नवं कोरं छत, पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं. प्रत्येक गाठ मी स्वतः तपासली. सात दिवस भजन-कीर्तनं झाली, पान हललं नाही. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं की मंडप सोडून आणायचा, म्हणून आम्ही सकाळीच जाऊन बसलो.

काल्याच्या कीर्तनाचे नियम असतात. त्या दिवशी महाराज कृष्णाच्या लहानपणीच्या लीला सांगतात, शेवटी दहीहंडी फोडतात, हंडीतला लाह्या-दह्याचा काला वाटतात आणि मग पंगती. हंडी फुटेपर्यंत कुणी उठत नाही. हे कीर्तन सकाळी असतं, पण महाराजांची गाडी आळेफाट्याच्या गर्दीत अडकली आणि ते आले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. मंडपात सगळं गाव, शिवाय पावणे. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मागे टाळकरी रांगेत उभे. पुढे दोन खांबांच्या मधल्या दोरीवर हंडी टांगलेली. मागे शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमटीची कढई रटरटत होती, आणि तिचा वास असा यायचा की महाराजांनी लवकर आटपावं असं टाळकऱ्यांच्याही तोंडावर दिसायचं.

कीर्तनात लोक महाराजांकडे बघतात. मी छताकडे बघते. कोणता पट्टा फुगतोय, कोणती दोरी कुरकुरतेय. त्या दिवशी महाराजांनी गोवर्धनाची गोष्ट घेतली आणि माझं लक्ष छतावरून जरा सुटलं, कारण महाराज रंगात आले होते.

गोकुळातले लोक दरवर्षी इंद्राची पूजा करायचे, का, तर तो पाऊस देतो. कृष्णानं विचारलं, आपल्या गाईंना चारा देतो तो समोरचा डोंगर, मग पूजा डोंगराची का नको? इंद्राला राग आला. "आन मंग," महाराज म्हणाले, "इंद्रानं सोडलं आपलं सैन्य! काळं ढग! वारा! गारा!"

आणि तेवढ्यात पारनेरच्या अंगानं खरोखरच गडगडलं.

मंडपात हशा पिकला. महाराजांनी वर बोट दाखवून म्हटलं, "ऐकलं का? साक्षीदार आला." अजून हशा. पण मी हसले नाही. कनात बाजूला करून बाहेर पाहिलं, तर आभाळाची पूर्वेकडची बाजू काळीनिळी झाली होती आणि तिच्या खाली मातीचा एक पडदा आमच्याकडे चालत येत होता. मोबाइलवरच्या हवामानात मात्र पिवळाधमक सूर्य दाखवत होते. मी गड्यांना खूण केली. चौघे चार कोपऱ्यांना गेले.

पुरुषांच्या बाजूला चुळबुळ सुरू झाली. कुणाचा कांदा शेतात पडलेला, कुणाचा पाल्याखाली. "प्लास्टिकचा कागूद टाकलाय का रं?" असं कुजबुजत दोघे-तिघे उठले, पण शेजारच्या म्हाताऱ्यांनी धोतराला धरून खाली बसवले. हंडी फुटायची होती ना.

महाराजांना रंग चढला होता. "त्या एवढ्याशा पोरानं डोंगराला करंगळी लावली आन उचलला! सगळं गोकुळ खाली. गाया खाली, वासरं खाली. आन गोपाळ काय म्हणालं? एकटं प्वार थकंल बिचारं. त्यांनी आपापल्या काठ्या घेतल्या आन डोंगराला टेकू दिला!"

वारा आला.

आधी कनाती आत पोटासारख्या फुगल्या, मग छत. आमचं नवं कोरं छत एकदा वर गेलं, खाली बसलं, पुन्हा वर गेलं, आणि खांब जमिनीतून करकरले. लाइट गेली, माइक बंद. आणि मग त्या गावानं असं काही केलं की मला हसावं की रडावं कळेना. लोक पळाले नाहीत. पुरुष उठले, आणि धावत जाऊन त्यांनी खांबांना मिठ्या मारल्या. एकेका खांबाला पाच-पाच, सहा-सहा जण. गोष्टच तशी चालली होती. गोपाळांनी काठ्या लावल्या, मग आम्ही काय बसून राहायचं? अध्यक्ष तर मधल्या खांबाला टोपीसकट असे बिलगले होते जणू पंढरीचा खांब गवसला.

"धरा रं! सोडू नका!" ते ओरडत होते.

"सोडा!" मी ओरडत होते. "अहो सोडा! गाठ मोकळी करू द्या!"

कारण एवढंच, की प्रत्येक सुरगाठ छातीच्या उंचीवर होती आणि त्या प्रत्येक गाठीवर आता आण्याच्या पाच-सहा माणसांच्या छात्या होत्या. छत सुटलं असतं तर खांब उभे राहिले असते आणि कुणाला काही झालं नसतं. छत तसंच राहिलं तर वारा सगळं मुळापासून उपटणार होता, आणि ते वासे बायकांच्या अंगावर येणार होते. मी अध्यक्षांचा हात ओढला. त्यांनी मिठी आणखी घट्ट केली. "भाभी, भिऊ नगा, आमी हाये!" ते म्हणाले. अहो, तुम्ही आहात म्हणूनच भीती वाटतेय!

मला भीती वाटत होती. पुढच्या रांगेत एक म्हातारी नातवाला मांडीवर घेऊन टाळ्या वाजवत होती आणि तिच्या बरोबर डोक्यावरचा वासा हलत होता. वाऱ्याला द्यायची शिवी माझ्या दाताखाली येऊन थांबली. पोस्टमन, मी मनाशी म्हटलं, हा फक्त पोस्टमन आहे. आणि ज्यानं पाठवला त्याला म्हटलं, माशाच्या पोटातलं ऐकू आलं होतं ना, मग हेही ऐक. मला फक्त यांचे हात सुटायला हवेत.

हात कुणाच्या शब्दानं सुटतील, हे तेव्हा लक्षात आलं. मी तडक पुढे धावले. व्यासपीठाच्या पायरीशी आले आणि पायांनी सवयीनं चपला काढल्या, नुसत्या काढल्या नाहीत तर जोडीनं लावल्या. नंतर आमचे गडी त्यावरून आठवडाभर हसत होते. वर चढून महाराजांच्या कानाशी ओरडले, "महाराज, गाठी ह्यांच्या मिठीखाली आहेत. ह्यांचे हात सोडवा. मला मंडप सोडायचाय!"

महाराजांनी माझ्याकडे पाहिलं, वर छताकडे पाहिलं. माणूस चलाख. त्यांनी मृदंगवाल्याला खूण केली, छाती भरून श्वास घेतला, आणि माइक नसलेला तो आवाज वाऱ्याच्या वर गेला.

"देव हसला! म्हणाला, गड्यांनो, तुमच्या काठ्यांवर डोंगर हाय व्हय? काढा काठ्या! सोडा! बघू कुणाचा भार कुणावर हाय! दोन्ही हात वर! ज्याचा हात वर न्हाई त्याचा देवावर भरवसा न्हाई! विठ्ठल, विठ्ठल!"

कीर्तनात महाराजांनी "दोन्ही हात वर" म्हटलं की हात वर जातात. तिथं विचार करायला वेळच नसतो, ते लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. सगळ्या मंडपातले हात एकदम खांबांवरून सुटले आणि डोक्यावर गेले. अध्यक्षांचेसुद्धा. "विठ्ठल, विठ्ठल" आणि टाळ्या. वर गडगडाट, खाली टाळ. आभाळ गरजलं की सासरे म्हणतात, ढगही त्याचंच नाव घेतायत. त्या क्षणी वरचे आणि खालचे एकाच कामाला लागलेले होते.

आणि आम्ही पाच जण वाऱ्याच्या बाजूच्या खांबांवरून धावलो. ओढ, मोकळी. ओढ, मोकळी. सुरगाठी एकामागून एक सुटल्या. छताची एक कड उडाली, वाऱ्याला वाट मिळाली, आणि ते सगळं पिवळं-पांढरं कापड लोकांच्या डोक्यांवरून सरकत पलीकडच्या बाजूला गेलं आणि तिथल्या बाभळीला जाऊन लटकलं. खांब जागेवर उभे राहिले. वासे जागेवर. म्हातारी जागेवर, तिचा नातू जागेवर.

फक्त वर आता मोकळं आभाळ होतं, आणि ते कोसळलं.

टपोरे थेंब, मधूनच हरभऱ्याएवढ्या गारा. हात वर केलेलं सगळं गाव तसंच भिजत उभं. हे काय झालं हे कळायला लोकांना थोडा वेळ लागला. मग एका बाईचा आवाज आला, "अगं बया, देवानं डोंगर उचलला आन हिनं मंडप काढला!" आणि जो हशा उठला, तसा हशा मी कीर्तनात कधी ऐकलेला नाही. महाराजांच्या पागोट्यातून पाणी गळत होतं. ते म्हणाले, "हंडी फोडा आता, न्हाईतर काल्याचं ताक व्हईल." हंडी तिच्या दोरीवर तशीच होती, पावसानं काठोकाठ भरलेली. ती फुटली, पातळ काला सगळ्यांच्या हातांवर पडला आणि तो लोकांनी पावसातच खाल्ला. मलाही दिला. इतका पातळ काला मी आयुष्यात खाल्लेला नाही, आणि इतका गोडही.

पाऊस आला तसा गेला. अर्धे पुरुष कांद्याकडे पळाले, उरलेल्यांनी बाभळीवरून छत काढायला मदत केली. शेडमधली आमटी शाबूत होती. भाकरी चुरून लोक जेवायला बसले तेव्हा प्रत्येक पंगतीत एकच विषय. "आमचा खांब हलला न्हाई गड्या." "आरं तुमचा कशाचा, आमीच धरलाता म्हनून." सगळ्यांनी हात सोडले म्हणून सगळे वाचले होते, आणि सगळ्यांच्या आठवणीत मात्र प्रत्येकानं शेवटपर्यंत धरून ठेवलं होतं. गोकुळातही त्या रात्री अशाच गप्पा झाल्या असतील.

अध्यक्षांनी मात्र असली बढाई मारली नाही. माझ्या पानात आमटी वाढली आणि म्हणाले, "भाभी, लागलं असतं हो कुनाला." एवढंच.

परतीच्या वाटेवर मात्र माझा जीव वर-खाली. गावापुढे निभावलं, आता सासरे. फाटलेलं, चिखलानं भरलेलं छत टेम्पोत, आणि बातमी माझ्याआधी जुन्नरला पोहोचलेली. कुणीतरी मोबाइलवर शूटिंग करून पाठवलं होतं. घरात शिरले तर नवरा पलंगावर, सासरे खुर्चीत, हातात जपाची माळ, तस्बीह. दोघेही माझ्याकडे बघत होते.

"मंडप पडला म्हनं," सासरे म्हणाले.

मी वाटभर काय काय रचलं होतं. सगळं विसरले. "पडला नाही, अब्बा," मी म्हटलं. "मी सोडला."

त्यांनी एक मणी पुढे सरकवला. "आत माणसं किती व्हती?"

"सगळं गाव."

"कुणाला लागलं?"

"कुणालाच नाही."

"गाठी अडकल्या?"

"एकही नाही."

त्यांनी तस्बीह खुर्चीच्या हातावर ठेवली. मग म्हणाले, "मंग न्हाई पडला." आणि नवऱ्याकडे वळून, "ऊठ रे, तिला पाणी दे," म्हणाले. त्याच्या पायाला प्लास्टर आहे हे त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं. तो बिचारा खरोखर उठायला लागला. मी रडले तेव्हा. रडताना हसतही होते, कारण नवरा एका पायावर लंगडी घालत माठाकडे निघाला होता.

आण्याचा सप्ताह अजून आमच्याकडेच आहे. अध्यक्ष आता मालक कुठे आहेत असं विचारत नाहीत. काल दुकानात लग्नाचं गिऱ्हाईक आलं, चहा सांगितला, आणि चहाच्या आधी सासऱ्यांचं वाक्य आलंच: "उभ्या आयुष्यात आपला मंडप कधी पडला न्हाई." मी आत दोऱ्या गुंडाळत होते. वाक्य इथं संपतं, हे मला इतक्या वर्षांचं पाठ. पण म्हातारा थांबला नाही. आतल्या दाराकडे बोट दाखवून म्हणाला, "आन सोडायची येळ आली, तर आमच्या सुनंला सोडता येतो."